तिथे आपलं कोण आहे?

चवथीला घरी आलेय, गोव्यात फोंड्याला, आणि माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधतात ती फळापानांची आरास, बघायला म्हणून येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतोय की जर्मनीत शिकायला किती खर्च येतो, आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच पुढचा प्रश्न तयार, पण बाय, थंय आपलो कोण आसा? २०२४ ला माझं जायचं ठरलं तेव्हाही घरात फीपेक्षा ह्याच विषयावर जास्त डोकेफोड झाली होती. मामाने फोन लावून लावून कुवेत, लंडन, लिस्बन सगळीकडे आपली माणसं शोधून काढली, नेमकं जर्मनीत कोणच सापडेना, आणि आजीचा चेहरा असा झाला की मी चंद्रावर चाललेय.

आजीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ओळखीशिवाय होतं काय सांगा ना. पंचायतीतला कागद असो, विजेचं मीटर नावावर करायचं असो, आधी आपण अर्ज लिहीत नाही, आधी आठवतो की त्या ऑफिसात कोण आहे, मग कुणाच्या तरी मेहुण्याचा नंबर मिळतो, मग तो म्हणतो पाठव त्यांना माझं नाव सांग. आमच्या वाड्यावर लोकांना पंचाचा मोबाईल नंबर पाठ असतो, स्वतःचा आधार नंबर नसतो. आणि हे सगळं गोड गोड आहे असंही नाही, २०२४ च्या शेवटी सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये घेतल्याच्या तक्रारी आणि अटका पेपरात रोज येत होत्या, ते काय होतं? ओळखच, फक्त रेट लावलेली.

तर अशा मुलखातली मुलगी मी, एल्बे नदीच्या काठच्या एका शहरात मास्टर्स करायला गेले. खर्चाचं पटकन सांगते म्हणजे तो विषय संपेल. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्युशन फी नाही, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागले, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात, त्याच्याही आधी कागदपत्रं तपासून घ्यायचं एपीएस सर्टिफिकेट, त्याचे १८,००० रुपये. पपांनी लोन काढलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला ह्यातलं काहीच करावं लागलं नाही कारण त्याचे आजोबा १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राज्यात, गोव्यात जन्मले आणि घरच्यांनी वेळेवर लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट केला. तो युरोपचा नागरिक म्हणून बॅग उचलून निघाला. माझेही आजोबा १९६१ च्या आधीचेच, पण आमच्याकडे तो विषय काढला की आजोबा जेवण सोडून उठायचे, जाऊ दे.

पोचल्यावर पहिला दणका दिला तो पत्राच्या पेटीने. तिथल्या पत्त्यात बिल्डिंगचा नंबर असतो, फ्लॅटचा नंबर बहुतेक ठिकाणी नसतोच, पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो आणि पत्र टाकतो, नाव दिसलं नाही तर पत्र परत. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव, ते बदलायचं काम हाउसमाइस्टरचं, म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्या माणसाचं, आणि तो सुट्टीवर, त्यामुळे बँकेचं कार्ड आलं आणि आल्या पावली गेलं. आमच्या घरी नुसतं मारुतीच्या देवळामागे एवढं लिहिलं तरी पत्र येतं, घराला कुलूप असेल तर पोस्टमन आत्याकडे ठेवून जातो आणि आत्या ते कुठून आलं हे सगळ्या वाड्याला सांगून मग आम्हाला देते. शेवटी मी कागदाची पट्टी कापली, पेनाने नाव लिहिलं, सेलोटेपने चिकटवली, आडनाव लांब आणि पट्टी आखूड म्हणून शेवटची दोन अक्षरं मोडून खालच्या ओळीत गेली. चिकटवल्यावर आलेलं पहिलं पत्र कसलं असेल? रेडिओ टीव्हीच्या फीचं. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो नसो, रेडिओ असो नसो. मुद्दा कळला का, मला ओळखणारं पहिलं जर्मन खातं वसुलीचं निघालं.

मग व्हिसा वाढवायचं ऑफिस. ईमेल करायचा आणि वाट बघायची, उत्तर येईल तेव्हा येईल, फोन कोण उचलत नाही. माझं गोयंकार डोकं सारखं शोधत होतं की आत कोण तरी असेल ना ओळखीचं, निदान ओळखीच्याच्या ओळखीचं. अपॉइंटमेंटच्या दिवशी माझ्या पुढे नागपूरचा एक मुलगा होता, त्याने चक्क सोनपापडीचा डबा नेला होता, लाच वगैरे काही नाही हो, बिचाऱ्याला वाटलं दिवाळी आहे, बाईंना बरं वाटेल. त्या बाईंनी डबा बघितला, एका बोटाने टेबलाच्या त्याच्या बाजूला परत सरकवला आणि विचारलं, विम्याचं पत्र? बस्स. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्याला लागली ती वेळ, मला लागली तीच वेळ आणि माझ्या मागे एक युनिव्हर्सिटीत शिकवायला आलेले इराणी प्राध्यापक होते त्यांनाही तोच नंबराचा कागद.

आता माझं मत. ही गोष्ट सुरुवातीला अपमान वाटते आणि काही महिन्यांनी तिचं व्यसन लागतं. मी शनिवार रविवारी बेकरीत काम करते, पहाटे पाचला जायचं, पाव तिथलाही पहाटेच लागतो लोकांना आपल्यासारखाच. २०२५ ला कायद्याने तासाला कमीत कमी १२.८२ युरो होते, ते मला कोणाची मुलगी आहे न विचारता मिळाले. परीक्षेचंही तसंच, पोर्टलवर मुदतीत नाव नोंदवलं तर बसायचं, नाही नोंदवलं तर सरांच्या केबिनबाहेर उभं राहून काही होत नाही. मार्कांची एक गंमत सांगते, तिथे १ सगळ्यात चांगला आणि ५ म्हणजे नापास, मला एका पेपरात १.७ मिळाले आणि आईने आनंदाने सगळ्यांना सांगितलं, तर आत्या रात्री हळूच फोन करून म्हणते, काय नाय गो, पुढच्या खेपेक अभ्यास कर.

आणि जर्मनीत सगळं घड्याळावर चालतं हे डोक्यातून काढून टाका. २०२४ मध्ये लांबच्या पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचलेल्या साधारण ६२ टक्के होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते लोक उशीर धरतच नाहीत. आमची कदंबा, गोव्याची सरकारी बस, बरी म्हणायची वेळ येते कधी कधी.

पण म्हणून तिथे ओळख लागतच नाही असं समजलात तर फसाल, आणि हे मला कोणत्याच एजंटाने सांगितलं नव्हतं. रूम! रूमला फक्त आणि फक्त ओळख. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहणारी मुलं तुमचा इंटरव्ह्यू घेतात, किचनमध्ये टेबलाच्या एका बाजूला चौघं, दुसऱ्या बाजूला तुम्ही, रविवारी काय करतेस, स्वयंपाकाला वास येतो का, पार्टी आवडते का, आणि आठवड्याने मेसेज की तू खूप छान आहेस पण आम्ही दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. रूम नाही तर घरमालकाच्या सहीचा कागद नाही, कागद नाही तर नगरपालिकेत पत्त्याची नोंद नाही, आणि ती नोंद घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, ती नाही तर पुढचं बरंच काही अडतं. मग आपली मुलं काय करतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. २०२२-२३ पासून जर्मनीत बाहेरून शिकायला येणाऱ्यांत भारतीय पहिल्या नंबरावर आहेत, चीनच्या पुढे, त्यामुळे प्रत्येक शहरात प्रत्येक भाषेचा ग्रुप आहे आणि रूम ह्या हातातून त्या हातात जाते, बाहेर जाहिरात येतच नाही.

मी साहजिकच मराठी ग्रुपवर गेले. पहिला प्रश्न, गोव्याची? मग मराठी कशी काय येते तुला? अहो मी मराठी शाळेत शिकले, आमच्या जत्रेतलं नाटक मराठी, देवळातलं भजन मराठी, सकाळी चहाबरोबर पपांच्या हातात पेपर मराठी, घरात कोंकणी बोलतो म्हणून मराठी परकी झाली का आमची? पुण्याच्या एका दादाने तर मला एकदम हळू हळू सुटं सुटं बोलून समजावलं की डिपॉझिट म्हणजे काय. वाईट नव्हता तो, पण रूम पुण्याच्याच मुलीला गेली. गोवेकर ग्रुप म्हणून जो होता त्यात मोजकी माणसं, त्यातली अर्धी शिकून दुसऱ्या शहरात गेलेली आणि तरी ग्रुप न सोडलेली.

शेवटी रूम कोणी दिली तर मडगावच्या एका कॅथलिक मुलीने. ती माझ्या मैत्रिणीच्या मावशीच्या शेजारणीची भाची, म्हणजे मामाने जे फोन लावले होते ते अगदीच फुकट गेले नव्हते, फक्त फिरून फिरून उशिरा पोचले. मला एकदाही न बघता तिने मेसेज केला, कितें जाय तें सांग. संपलं. हिवाळ्यात मला ताप आला, डॉक्टरसाठी ११६११७ नंबर लावला तर बराच वेळ नुसतं म्युझिक, तेव्हा हीच बाई रात्रपाळी करून आली आणि न झोपता पेज करून दिली, बरोबर घरून आणलेलं तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं, जे ती स्वतः मोजून मोजून खायची.

बाय द वे, गोवा म्हटलं की जर्मन पोरांचे डोळे चमकतात. कॅम्पसवर पोस्टर दिसलं, गोवा पार्टी, शनिवारी. आम्ही दोघी नटून थटून गेलो, हिला वाटलं निदान चोरिस पाव, आमचा गोव्याचा सॉसेज पाव, मिळेल. आत अंधार, भिंतीवर चमकणारी मश्रूमं, धडधड धडधड एकाच तालावरचं ट्रान्स म्युझिक आणि डोळे मिटून डुलणारी माणसं, त्या संगीतालाच तिथे गोवा म्हणतात. दारावरच्या मुलाला मी सांगितलं मी खरीखुरी गोव्याची आहे, तो म्हणाला मस्त, दहा युरो.

आणि नारळ. माझं आणि जर्मनीचं खरं भांडण असेल तर ते नारळावरून. एशियन दुकानात मिळतो तो म्हातारा सोललेला नारळ, शेंडी नाही, हातात धरायला काही नाही. आठवडाभर वेळ नसतो म्हणून रविवारी बाल्कनीत बसून हातोडीने फोडायला घेतला, हुमणासाठी, म्हणजे आमच्या माशाच्या आमटीसाठी, रस डब्यातला घातला तर ते हुमण नव्हे. तिसऱ्या घावाला बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई, घरातले स्लीपर, व्यवस्थित विंचरलेले केस, एकच शब्द, झोनटाग. म्हणजे रविवार. रविवारी आवाज करायचा नाही, ड्रिल नाही, हातोडी नाही, रात्री दहानंतरही नाही. मी नारळ दाखवला, वाटीतलं पाणी पण दाखवलं, त्यांनी नीट बघितलं, मान हलवली आणि गेल्या. मला वाटलं मिटलं. सोमवारी जिन्यातल्या बोर्डावर बिल्डिंगच्या नियमांचा छापील कागद, त्यात रविवारच्या ओळीखाली बॉलपेनने दोनदा रेघ मारलेली. माझं नाव नाही, कोणाचंच नाही. आपल्याकडे हेच आत्याच्या कानावर गेलं असतं, तिथून आईच्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या लग्नापर्यंत विषय पोचला असता. दोन्हीतलं काय परवडतं ते मला अजून ठरवता येत नाही, पाच मिनिटांच्या नारळासाठी एवढं करायची गरज नव्हती हे मात्र मी आजही म्हणेन.

म्हणून कोण विचारतं थंय आपलो कोण आसा, तेव्हा मला हल्ली जरा चिडायला होतं आणि जरा पटतंही. आपलं माणूस पेज घेऊन यायला हवंच, रूम शोधायला हवंच. पण त्याच माणसाने रांगेत आपल्याला पुढे घुसवावं हीही आपली अपेक्षा असते, आणि ह्या दोन गोष्टी आपण एकाच श्वासात मागतो म्हणून घोळ आहे. परवा चवथीच्या जेवणावर एक काका म्हणाले, माझ्या झिलाचं अ‍ॅडमिशनचं बघ, तुझी तिथे ओळख झाली असेल आता. मी म्हटलं काका पोर्टलवर अर्ज करायला सांगा, फॉर्म भरताना अडला तर मी रात्रभर फोनवर बसते त्याच्याबरोबर. काकांना ते टाळल्यासारखं वाटलं. वाटू दे.

ह्या ऑक्टोबरला कोण जात असेल, फोंडा, डिचोली, पेडणे कुठूनही, तर इनबॉक्समध्ये या, रूमचं आत्तापासून बघायला हवं, उशीर झालाच आहे तसा. कॅथलिक, हिंदू, मुस्लिम, कोंकणीवादी, मराठीवादी, काय असाल ते असा, आमच्या गोवेकर ग्रुपमध्ये भरपूर जागा आहे. आणि आदोळी, म्हणजे नारळ खवायची विळी, न्यायची असेल तर चेक-इन बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत घातली तर विमानतळ दाबोळी असो नाही तर मोपा, काढून ठेवतात.