खुलासा: न्यू जर्सीत ‘रात्रीत मतं घुसवली’ हे खोटं

‘२०२१ मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी रात्री मागे होते, सकाळी पुढे, म्हणजे मतं घुसवली,’ असा मेसेज फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, लोक निवडतात.)

मतदानाच्या दिवशी, २ नोव्हेंबरच्या रात्री, मर्फींचे प्रतिस्पर्धी जॅक चिटरेली बराच वेळ पुढे होते, हे खरं. पण मोजणी संपलीच कुठे होती? टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावर मतदानाच्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का असेल, तर ती सहा दिवसांनी पोचली तरी धरली जात होती. शेवटी मर्फी सुमारे ८४ हजार मतांनी पुन्हा निवडून आले. खुद्द चिटरेलींनीच समर्थकांना अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगितलं आणि १२ नोव्हेंबरला पराभव मान्य केला.