माऊस धरायला कोण शिकवणार?
मोबाइल सगळ्यांकडे आहे, मग ग्रंथालयात संगणक कशाला, हा एका लेखात वाचलेला सूर पटला नाही. फोनवर व्हिडिओ बघणं वेगळं आणि अर्ज भरून त्याला पीडीएफ जोडणं वेगळं. ग्रंथालयातल्या संगणक वर्गात आईने पहिल्या दिवशी माऊस टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि विचारलं, "आता पुढे जागाच नाही, काय करू?" उचलून मागे ठेवायचा, हे ग्रंथपाल बाईंनी न हसता दाखवलं. (घरी शिकवताना मी दोनदा चिडलो होतो.) काम झालं की लॉगआउट करायचं, हेही ती तिथेच शिकली. इफ्ला (ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात ग्रंथालयांचं काम म्हणून १९९४ साली संगणक साक्षरता होती, २०२२ मध्ये डिजिटल साक्षरता आली. फक्त हे वर्ग संध्याकाळीही ठेवा, नोकरी करणाऱ्यांनी जायचं कधी?