दोन ठिपके रंगाने आय थ्रीचा आय नाइन होत नाही

शनिवारी ताईने घरच्या ग्रुपवर एक रील टाकली. 'कोणताही प्रोसेसर डबल स्पीड! पिनांवर सिल्व्हर पेंट लावा, लॉक तुटतो, बंद कोअर चालू होतात, गरमही होत नाही. बिघडलं तर थिनरने पुसा.' ताईला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भाचा तोवर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन त्या वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रंगाची बाटली घेऊनही आला होता. मी पोचलो तर कॅबिनेट उघडं, हातात शून्य नंबरचा ब्रश. "मामा, फक्त दोन ठिपके!"

आधी खरं तेवढं कबूल करतो, नाइलाज आहे. २००१च्या सुमारास मी स्वतः एएमडी कंपनीच्या ड्युरॉन प्रोसेसरवर शिसपेन्सिल घासली आहे, शिसंही वीज वाहून नेतं म्हणून. त्या चिपच्या वरच्या अंगावर एल-वन नावाचे बारीक पूल असत, ते जोडले की मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या (बोर्डाशी बोलण्याच्या वाटेच्या) वेगाला ज्या आकड्याने गुणून चिपचा वेग ठरतो तो, मोकळा. अ‍ॅथलॉन एक्सपी या एएमडीच्याच चिपमध्ये त्या पुलांच्या मध्ये लेसरने खड्डे पाडलेले, म्हणून आधी सुपरग्लूने खड्डा बुजवायचा आणि वरून चांदीचा रंग ओढायचा. इंटेलच्या कोअर टू ड्युओवरही जमायचं. खुद्द इंटेलच्या डेटाशीटमध्ये तक्ता आहे: बीसेल नावाच्या तीन संपर्कांवरून बोर्डाला बसचा वेग कळतो, मधला ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडला की २००चे २६६ मेगाहर्ट्झ. त्यातल्या ई४३०० या चिपचा मल्टिप्लायर ९, म्हणजे १.८चे २.४ गिगाहर्ट्झ. तेही दुप्पट नव्हेच, तिसरा हिस्सा जास्त.

भाच्याकडे आहे इंटेलचा आय थ्री १२१००. त्याच्या वेगाचं कुलूप चिपच्या पोटात, फ्यूज उडवून कायमचं घातलेलं. बाहेर पूलच नाही, तर रंग जोडणार काय? त्यात कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, ४; इंटेलच्याच वरच्या आय नाइन १२९००मध्ये १६. जे सिलिकॉनवर नाहीच ते रंगाने उगवणार कुठून! 'गरम होत नाही' म्हणणाऱ्याने तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) आणि हा रंग एकच समजलाय.

पण माझं डोकं फिरलं ते थिनरवर. भाच्याला म्हटलं, प्रोसेसर काढ, उलटा धर, आता कोरडा ब्रश टेकव. टोकाखाली तीन सोनेरी पॅड झाकले गेले. असे १७०० पॅड. त्यातले कित्येक वीजपुरवठ्याचे, आणि शेजारीच ग्राउंडचे. हा प्रोसेसर जोरात चालला की ८९ वॉटपर्यंत खातो, तेही सव्वा व्होल्टच्या आसपास. म्हणजे सत्तरेक अँपिअर! तिथे तुझा ठिपका शॉर्ट मारणार. मग प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवर मोबाइलचा कॅमेरा झूम करून दाखवला: केसासारख्या वाकड्या स्प्रिंगांची दाटी. तिथे थिनर सोडलं की चांदीचा चुरा निघत नाही, खाली झिरपून बसतो. प्रोसेसर गेला तर गेला, मदरबोर्डही गेला. पुसा म्हणे!

भाचा थोडा वेळ गप्प बसला, मग प्रोसेसर जागेवर ठेवून खटका दाबला. बाटली वाया गेली नाही. आजीच्या रिमोटचं आवाजाचं बटण दिवाळीपासून मेलेलं होतं. रबराखालच्या झिजलेल्या काळ्या टिकलीवर त्याने एक ठिपका दिला. संध्याकाळच्या मालिका आता शेजाऱ्यांनाही ऐकू येतात.