‘मिस टीन यूएसए’च्या नावाने फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

रत्नागिरी, मालवणकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत मेसेज फिरतोय: ‘मिस टीन यूएसएमध्ये कोकणातल्या मुलींना थेट प्रवेश, फी भरा, टीव्हीवर स्विमसूट फेरी सक्तीची.’ यातलं काहीच खरं नाही.

ही 1983 पासूनची सौंदर्यस्पर्धा अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलींचीच आहे. तिथल्या 50 राज्यांतून आणि राजधानी वॉशिंग्टनमधून विजेत्या निवडल्या जातात आणि त्याच राष्ट्रीय मंचावर येतात. भारतातून फॉर्म भरून थेट जायची वाटच नाही. स्विमसूट फेरी 2016 मध्ये बंद झाली, तिच्या जागी खेळाच्या पोशाखाची फेरी आली. मुलींच्या वयाचा विचार करता ते उशिराच झालं.

खरी काळजी पैशांपेक्षा फोटोंची वाटते. फॉर्मसोबत मुलीचे पूर्णाकृती फोटो आणि आधार मागतात. एकदा पाठवले की परत येत नाहीत. आधार द्यावंच लागलं, तर फक्त शेवटचे 4 अंक दिसणारी मास्क्ड प्रत द्या. ‘फी परत करतो, पिन टाका’ म्हणाले तर फोन ठेवा. पैसे घेताना यूपीआय पिन लागत नाही, टाकला की उलट खात्यातून जातात.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते, म्हणून उशीर नको. मेसेज पुसू नका, तोच पुरावा आहे. आणि मुलीवर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.