आयर्लंडचा तो 'गोरक्षक खासदार' आणि दोन लाख गायी : फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

मागच्या रविवारी फलटणवरून मामांचा फोन आला. एरवी आधी पाऊसपाणी, मग माझी तब्येत, मग जेवणखाण असं विचारतात, यावेळी डायरेक्ट, "काय रे, तुमच्या तिकडं सरकार गायी मारायला लागलंय म्हणं?" मी सात वर्षं कॉर्कला राहतोय, आयर्लंडच्या दक्षिणेला, घरापासून गाडीने दहा मिनिटं गेलं की दोन्ही बाजूंना गायीच गायी चरत असतात, त्यामुळे मला आधी कळेचना कशाबद्दल बोलतायत. मग त्यांनी फॉरवर्ड पाठवला. दूधवाल्यांच्या ग्रुपवर आलेला, त्याआधी किती ग्रुप फिरला असेल देव जाणे.

त्यात थोडक्यात असं लिहिलंय. आयर्लंडने हवामान बदलाच्या नावाखाली दोन लाख गायी मारायचा कायदा केला. तिथले पंतप्रधान वराडकर, म्हणजे आपल्या मालवणच्या रक्ताचे, त्यांनीच सही केली. गावाकडचा एक गरीब शेतकरी खासदार संसदेत गोमातेसाठी उभा राहिला तर त्याचा माईक बंद केला. आणि शेवटी ठळक अक्षरात, या सगळ्याची सुरुवात कानात बिल्ला मारण्यापासून झाली, आता महाराष्ट्रात बिल्ले मारतायत, शेतकऱ्यांनो सावध व्हा. खाली सपाट टोपी घातलेल्या माणसाची क्लिप, मागे बासरी.

मामांकडे आठ एचएफ गायी आणि तीन कालवडी. त्या तिन्ही कालवडींना त्यांनी टॅग (तोच कानातला बिल्ला) मारू दिला नाही, दारात आलेल्या डॉक्टरांना परत पाठवलं. म्हणून बसून सगळं शोधलं आणि लिहितोय, नाहीतर असले फॉरवर्ड मी डिलीट करून मोकळा होतो.

कायद्याचं आधी उरकतो. असा कायदा झालेला नाही. २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी आयरिश इंडिपेंडंट या पेपरने तिथल्या माहिती अधिकारातून कृषी खात्याचा एक अंतर्गत कागद बाहेर काढला. त्यात हिशोब मांडला होता की प्रदूषणाचं (म्हणजे हवामान तापवणाऱ्या वायूंचं) टार्गेट गाठायचं असेल तर तीन वर्षं दरवर्षी ६५ हजार दुभत्या गायी कमी कराव्या लागतील आणि त्याला वर्षाला २० कोटी युरो लागतील. भागाकार करा, गायीमागे साधारण ३००० युरो, तेव्हाच्या भावाने पावणेतीन लाख रुपये. म्हणजे जो शेतकरी स्वतःहून धंदा कमी करेल त्याला द्यायची भरपाई, सक्ती नाही. खात्याने लगेच सांगितलं की हा विचाराधीन कागदांपैकी एक आहे, धोरण नाही, आणि ती योजना पुढे आलीच नाही. पण जूनमध्ये इलॉन मस्कने ट्वीट केलं की हे थांबलंच पाहिजे, आणि एका खात्यातला हिशोबाचा कागद जगभर 'गायींचं हत्याकांड' म्हणून फिरला. वराडकरांनी सही करावी असं काही नव्हतंच. ते तेव्हा पंतप्रधान होते आणि त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड हे खरं, २०१९ च्या डिसेंबरमध्ये ते तिथे कुटुंबासोबत येऊनही गेले, पण गावाचं नाव लावलं की फॉरवर्ड आपल्याकडे जास्त पळतो, एवढाच त्याचा उपयोग केलाय.

आता त्या खासदाराकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त राग याच भागाचा आलाय.

क्लिपमधला माणूस म्हणजे डॅनी हीली-रे. केरी जिल्ह्यातल्या किलगार्वन नावाच्या छोट्या गावचा. तिथल्या लोकसभेला डॉल म्हणतात आणि खासदाराला टीडी. डॅनीचे वडील जॅकी १९९७ ते २०११ टीडी होते, २०११ पासून भाऊ मायकल आणि २०१६ पासून डॅनी. घरात शेती आहे, पब आहे, खोदाईची मशिनं भाड्याने द्यायचा धंदा आहे, आणि भावाच्या नावावर किती घरं-जमिनी आहेत ते खासदारांच्या मालमत्तेच्या नोंदवहीत कुणालाही बघता येतं, यादी लांबलचक आहे. गरीब शेतकरी हे कुणी जोडलं माहीत नाही.

डॉलमध्ये बोललेला शब्द न् शब्द लिहून ठेवतात आणि तो सगळा सरकारी वेबसाइटवर फुकट वाचता येतो, तारीख टाकायची आणि शोधायचं. मी तेच केलं. क्लिपमधलं भाषण २०१६ च्या मे महिन्यातलं आहे. डॅनी पहिल्यांदा निवडून येऊन जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते, हवामान बदलावर चर्चा होती, आणि त्याचं म्हणणं असं की हवामान वरच्या देवाच्या हातात आहे, आपण इथे काही करू शकत नाही. यावर तेव्हा जगभर बातम्या झाल्या. पण तो गायी कमी करायचा कागद आला २०२३ ला! सात वर्षं आधीच्या भाषणाला बासरी लावायची आणि 'गायी मारायच्या हुकमाला दिलेलं उत्तर' म्हणून पाठवायचं, बनवणाऱ्याला माहीत होतं की फलटणच्या गोठ्यात बसून केरीच्या माणसाचं इंग्लिश कुणाला कळणार नाहीये. (मला सुद्धा तीनदा ऐकावं लागलं, केरीची बोली डब्लिनच्या लोकांनाही जड जाते.)

बरं, २०२३ च्या कागदावर ग्रामीण टीडींनी डॉलमध्ये आवाज उठवला का? उठवला, हीली-रे बंधू, मॅटी मॅकग्रा, मायकल कॉलिन्स ही सगळी मंडळी या विषयावर कायम सरकारवर तुटून पडतात. पण कशासाठी, हे समजून घ्या. आयर्लंडमध्ये दरवर्षी १८ लाखांच्या आसपास गुरं कत्तलखान्यात जातात. दरवर्षी. आणि त्या बीफपैकी दहातला नऊ हिस्सा बाहेरच्या देशांना विकला जातो. कागदातल्या वर्षाला ६५ हजार गायी म्हणजे त्या आकड्याच्या शंभरात चारसुद्धा नाहीत. दूध आटलं की गाय जाते, गोऱ्हा मोठा झाला की जातो, हाच तिथला धंदा आहे आणि लाखभर कुटुंबं त्यावर जगतात. ग्रामीण टीडी जे वाचवतात तो हा धंदा. गाय सुरीपासून वाचवा असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही आणि म्हटलं तर पुढच्या निवडणुकीत घरी बसेल.

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. वराडकर बोलून गेले की हवामानासाठी आणि तब्येतीसाठी मी मांस थोडं कमी खातोय. एवढ्यावरून गावाकडचे टीडी भडकले, देशाचा पंतप्रधानच असं म्हणाला तर बीफवाल्या शेतकऱ्याने काय करायचं म्हणून, आणि वराडकरांना डॉलमध्ये सांगावं लागलं की काल रात्रीच मी छान हेरफर्ड स्टेक खाल्ला. हेरफर्ड ही बीफची जात आहे. ज्या माणसांना आपल्या ग्रुपवर गोरक्षक म्हणून ओवाळतायत त्यांची बाजू ही आहे. मला त्यांना वाईट म्हणायचं नाहीये, ते त्यांच्या मतदाराचं काम करतात, फक्त त्यांच्या तोंडात आपलं वाक्य घालू नका. माझी आजी गाय विकल्यावर दोन दिवस नीट जेवायची नाही, ती माया मी लहानपणापासून बघितलीय, आणि त्याच मायेला हात घालून कुणीतरी मामांना फसवलंय.

माईक बंद केला हे पण तसंच. प्रत्येक गटाला मिनिटं ठरवून दिलेली असतात, वेळ संपली की स्पीकर थांबवतात, मग टीडी गावाकडचा असो की डब्लिनचा. ज्यांचा आवाज दाबला म्हणतात त्यातले मायकल हीली-रे २०२५ च्या जानेवारीत कृषी खात्यातच राज्यमंत्री झाले. आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्पीकर कोण झालं तर वेक्सफर्डच्या अपक्ष व्हेरोना मर्फी, त्या पण ग्रामीण भागातल्याच.

एक गोष्ट मात्र कबूल करायला लागेल, मनात नसलं तरी. या टीडींची सगळीच ओरड खोटी नाही. २०१० च्या सुमाराला सरकारनेच धोरण काढलं की २०२० पर्यंत दूध ५० टक्के वाढवा. २०१५ ला युरोपचा दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध काढायचं याची मर्यादा, उठला, शेतकऱ्यांनी कर्ज काढून गोठे वाढवले, मिल्किंग पार्लर (मशिनने दूध काढायच्या शेड) बांधले, दुभत्या गायी सुमारे ११ लाखांवरून १५ लाखांच्या पुढे गेल्या. मग २०२२ ला त्याच सरकारने सांगितलं की २०३० पर्यंत शेतीचं प्रदूषण २५ टक्के खाली आणा. ज्याच्या डोक्यावर पार्लरचं कर्ज आहे तो चिडणारच. शिवाय २०२४ पासून बऱ्याच भागात शेणखत-मुताच्या नायट्रोजनची मर्यादा हेक्टरी २५० किलोवरून २२० वर आणली, म्हणजे तेवढ्याच रानात गायी कमी ठेवा नाहीतर शेजारची जमीन भाड्याने घ्या. हे नद्यांच्या पाण्यासाठी केलं, हवामानासाठी नाही, आणि नद्या खराब झाल्यात हेही खरं आहे, पण नियमामुळे काहींच्या गायी कमी झाल्या हे मी नाकारणार नाही. बस नसलेल्या गावात गाडीशिवाय दुकान गाठता येत नाही आणि कार्बन टॅक्स दरवर्षी वाढतो, हाही त्यांचा मुद्दा बरोबर.

पण त्याच तोंडाने हवामान देवाच्या हातात म्हटलं की बाकीच्या बरोबर मुद्द्यांचंही नुकसान होतं. देशाच्या एकूण प्रदूषणात शेतीचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यात मोठा भाग गायीच्या ढेकरेतून येणाऱ्या मिथेनचा (पादण्यातून नव्हे, रवंथ करताना तोंडातून). तसंच २०१३ ला डॅनीने केरीच्या जिल्हा परिषदेत ठराव आणून पासही करून घेतला की दुर्गम भागातल्या लोकांना दोन-तीन पेग घेऊन गाडी चालवायचा परवाना द्या, कारण म्हातारी माणसं एकटी पडलीत. एकटेपण खरं होतं, उपाय भयंकर होता. सरकारने तो मानला नाही हे बरं झालं.

आता सगळ्यात घातक मुद्दा. कानातला बिल्ला.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत मॅक्रूमच्या बाजूला, साठी उलटलेली, पोरं शहरात. मागच्या वसंतात त्यांच्याकडे वासराला टॅग मारताना मी शेजारी उभा होतो. दोन्ही कानांना पिवळे टॅग, जन्मल्यापासून २० दिवसांच्या आत मारायचेच. एका टॅगची पिन अशी असते की कान टोचताना कानाचा बारीक तुकडा छोट्या डबीत जाऊन बसतो, ती डबी पाकिटात घालून लॅबला पाठवायची, त्यात बीव्हीडी नावाच्या रोगाची तपासणी होते. २०१३ पासून सगळ्या वासरांना हे कंपल्सरी आहे. वासरू एकदा मान झटकून ओरडलं आणि पाच मिनिटांनी परत आचळाला लागलं. मग त्याचा पासपोर्ट येतो, जनावराचा खरोखर पासपोर्ट असतो तिथे, त्याशिवाय विकता येत नाही. ओळखीचे टॅग तिथे टीबी हटवायच्या मोहिमेपासून आहेत, १९५० च्या दशकापासून, आणि वेड्या गायीच्या रोगानंतर युरोपभर नियम कडक झाला.

आता सरळ हिशोब करा. टॅग सत्तर वर्षांपासून आहेत, आणि टॅग असतानाच त्यांच्या दुभत्या गायी ११ लाखांवरून १५ लाखांच्या पुढे गेल्या. बिल्ला म्हणजे मारायची यादी असती तर हे कसं झालं असतं? त्या शेतकऱ्यांना मी मामांचा फॉरवर्ड इंग्लिशमध्ये सांगितला तर ते म्हणाले टॅग नसता तर टीबीने गेलेल्या गुरांची भरपाई मला कुणी दिली असती.

आपल्याकडेही तेच आहे. २०२४ ला गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान मिळालं तेव्हा टॅग आणि ऑनलाइन नोंदणी लागत होती, ज्यांनी मारून घेतले नव्हते ते डेअरीत हेलपाटे घालत बसले. विमा काढायचा तर टॅग लागतो, जनावर मेल्यावर क्लेमला तोच टॅग दाखवायला लागतो. टॅग मारायला नको म्हणून मामांनी काय वाचवलं? काही नाही, उलट उद्या त्यातली एक कालवड दगावली तर हातात एक रुपया येणार नाही. फॉरवर्ड बनवणाऱ्याचं यात काय जातंय?

हे सगळं मी मामांना फोनवर पाऊण तास सांगितलं. कत्तलखान्याचा आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे तो टोपीवाला बी तसलाच?" मी म्हटलं मामा, तो त्याच्या गावाचं बोलतोय, त्याचं गाव वेगळं आहे. मग त्यांनी विचारलं की ढेकर देणाऱ्या गायीला चारा बदलला तर फरक पडतो का, त्यावर मी वाचून सांगतो म्हटलंय. डॉक्टरांना बुधवारी परत बोलावलंय. कालवडींचं दावं मामी धरणार आहेत, मामांना कान टोचताना बघवत नाही.