पथकाची वाट कशाला?

विकासात मागे पडणाऱ्या मुलांवरचा लेख वाचून वाटतं, त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवणारी संदर्भ चिठ्ठी फक्त अंगणवाडीतल्या तपासणीतच मिळते. आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) पथक तिथे वर्षातून दोनदाच येतं. त्या दिवशी मूल गावाला गेलेलं असलं की गेले सहा महिने! प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडूनही जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीसाठी (अशा मुलांच्या तपासणी-उपचारांचं केंद्र) चिठ्ठी घेता येते. तीवर नुसतं ‘वाढ कमी’ नको, नाहीतर मूल आहारतज्ज्ञाकडेच वळवलं जाऊ शकतं. ‘वय 20 महिने, आधाराशिवाय उभं राहत नाही, जन्मतः रडलं नव्हतं’ असं नेमकं लिहून घ्या. प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरण कार्ड सोबत हवंच. बोलत नसेल तर (‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणणाऱ्यांना सोडा) आधी कानाची बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणं. लहान मुलांची ती झोपेत करतात, त्यामुळे तिथे जाताना एसटीत झोपू देऊ नका.