वय तर खुर्चीलाही असतं

एखादं क्रूर कृत्य ऐकलं की आपण म्हणतो, केवढा हा द्वेष! मला हे अर्धंच खरं वाटतं. द्वेष करायलाही समोर माणूस दिसावा लागतो. अमानवीकरणात, म्हणजे समोरच्याला माणूसच न मानण्यात, त्याच्या मनात काय चाललंय हा विचारच डोक्यात येत नाही.

लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वेगवेगळ्या माणसांचे फोटो दाखवले. इतरांच्या मनाचा अंदाज घेताना मेंदूचा कपाळामागचा एक भाग कामाला लागतो. बेघर आणि व्यसनी माणसांचे फोटो पाहताना तो फारसा जागा झाला नाही. पुढच्या प्रयोगात त्यांनी प्रश्न बदलून पाहिले. वयाचा अंदाज करायला सांगितलं, तरी तो भाग थंडच. 'याला ही भाजी आवडत असेल का?' असं विचारलं आणि तो जागा झाला! आवडनिवड असायला मन लागतं. वय तर खुर्चीलाही असतं.

हे मन झाकायला एक शब्द पुरतो. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना दुसऱ्या गटाच्या चुकांवर विजेचा झटका द्यायचा होता, तीव्रता एक ते दहा. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. तो गट म्हणजे जनावरं आहेत, असं त्यांच्या कानावर 'चुकून' पडू दिलं आणि आकडा चढला. जबाबदारी सगळ्यांत वाटलेली असली की आणखी चढला. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ च्या नरसंहारात, ज्यांना मारलं जात होतं त्या तुत्सी समाजाला रेडिओवरून 'झुरळं' म्हटलं जात होतं, ते उगीच नव्हे.

समोरच्या माणसापासून ठेवलेलं सगळंच अंतर वाईट नसतं. शस्त्रक्रियेत हिरव्या कापडाखाली सगळं झाकून फक्त कापायची जागा उघडी ठेवतात, त्याने सर्जनचं लक्ष विचलित होत नाही. घोळ होतो कापड निघाल्यावर. पेशंट शुद्धीवर असतो, तरी राउंडला 'बारा नंबरचं अपेंडिक्स कसं आहे?' हे नर्सला विचारलं जातं.

'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा' या सल्ल्यावर माझा भरवसा नाही. त्याच्या जागी आपणच जाऊन बसतो आणि आपलंच मन वाचतो. त्यापेक्षा त्यालाच विचारावं, उत्तर फक्त तोच देऊ शकेल असं काहीतरी. दिवा रात्री बंद हवा की चालू? उशी एक की दोन? आणि विचारल्यावर फाइलकडे न बघता उत्तर येईपर्यंत थांबावं.